सैतान ओळखायचा तर आधी पाय बघा

म्युनिकला राहत असल्यामुळे उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुण्यांचा राबता असतो. रविवारी आल्टे पिनाकोटेक या चित्रसंग्रहालयाचं तिकीट एक युरो, त्यामुळे आलेल्या प्रत्येकाला मी तिथे नेतेच. तिसऱ्या दालनापर्यंत "सगळीकडे तीच मेरी नि तोच येशू" अशी कुरकुर सुरू होते. मग मी त्यांना सैतान शोधायला लावते.

युक्ती माझी नाही, चिपळूणच्या मावशीची. मिखाएल पाखरच्या पंधराव्या शतकातल्या एका चित्रासमोर ती थबकली. एक संत उभा आहे (कुणी म्हणतं वोल्फगांग, कुणी ऑगस्टीन) आणि हिरवा सैतान त्याच्यापुढे जाडजूड पोथी उघडून धरतोय. मी शिंगं दाखवत होते, वटवाघळाचे पंख दाखवत होते. मावशीची नजर खाली. "अगं, याला खूर आहेत. आपल्याकडे भुताचे पाय उलटे, तसंच हे. चेहरा बदलतील मेले, पाय कुठे लपवतील?" मग खुरांवरून तिची नजर हळूहळू वर गेली आणि ढुंगणावर येऊन अडकली. तिथे त्याला दुसरं तोंड आहे! मावशीने पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरेना.

तर चित्रासमोर उभं राहिलात की नजर खालून वर न्या. सैतान वेषांतर करून आला असेल, तर ही युक्ती फार कामाला येते. व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपलला सगळे माना वर करून छत बघतात. तुम्ही बाजूच्या भिंतीवरचं बोत्तिचेल्लीचं १४८१-८२ सालचं भित्तिचित्र शोधा. येशूला मोहात पाडायला आलेला म्हातारा जोगी, हातात जपमाळ. झग्याखालून डोकावणाऱ्या नख्या बघा. हुआन दे फ्लांदेसने त्याच प्रसंगातल्या सैतानाला संन्याशाचा वेष दिलाय, पण पाय सरड्यासारखे, बोटांमध्ये पडदे असलेले. (हे चित्र आता वॉशिंग्टनला आहे.) दोन्हीकडे मेख एकच: येशूपुढे सैतान साधू होऊन आलाय, आणि चित्रकाराने पाय उघडे ठेवून आपल्याला डोळा मारलाय.

फार जुन्या कामात मात्र पाय बघून उपयोग नाही. इटलीतल्या राव्हेन्नाच्या सांत अपोल्लिनारे नुओव्हो चर्चमध्ये सहाव्या शतकातलं मोझेक आहे: मधे येशू, मेंढ्यांच्या (म्हणजे पुण्यवानांच्या) बाजूला लाल देवदूत, बकऱ्यांच्या (म्हणजे पाप्यांच्या) बाजूला निळा. तो निळा म्हणजेच सैतानाचं सगळ्यात जुनं चित्र, असं बरेच जण मानतात. शिंगं नाहीत, शेपूट नाही, चेहराही देखणा. इथे तो कुणाच्या बाजूला उभा आहे एवढंच बघायचं.

एकोणिसाव्या शतकात आलात की पुन्हा पंचाईत, कारण तोवर सैतान सुधारलेला असतो. १८०८ साली छापून आलेल्या ग्योटेच्या 'फाउस्ट' नाटकात चेटकीण मेफिस्टोला, म्हणजे सैतानाला, ओळखतच नाही. तो तिला सांगतो, शिंगं, शेपूट, नख्या आता गेल्या. पाय तेवढा टाकता येत नाही, म्हणून मी नकली पोटऱ्या लावून फिरतो! माझं या लबाडावर जरा जास्तच प्रेम आहे.

बेल्जियममध्ये लिएजच्या कॅथेड्रलची तर वेगळीच गंमत. योझेफ गेफ्सने १८४२ साली तिथे संगमरवरी सैतान घडवला, तो इतका देखणा झाला की काढून टाकावा लागला. त्याजागी थोरल्या भावाला, गिल्योमला, नवा करायला सांगितला. त्याने १८४८ मध्ये दिलेला पुतळाही काही कमी देखणा नाही. फक्त खाली बघा: घोट्याला साखळी.

दान्तेचा 'इन्फेर्नो', म्हणजे त्याच्या नरकयात्रेचं काव्य, हातात घेणार असाल, तर शेवटचा, चौतिसावा सर्ग तरी नीट वाचा. लुसिफर, म्हणजे सैतानच, छातीपर्यंत बर्फात रुतलेला, तीन तोंडं, प्रत्येकात एक पापी. बहुतेक लोक इथेच थांबतात. थांबू नका. वाटाड्या झालेला रोमन कवी व्हर्जिल दान्तेला घेऊन लुसिफरच्या अंगावरचे केस धरत खाली उतरतो, पृथ्वीचा मध्य ओलांडतो, आणि दान्ते वळून बघतो तर लुसिफरच्या तंगड्या वर!

हे मी मावशीला फोनवर सांगितलं.

"मग?" ती म्हणाली. "उलटेच ना शेवटी?"