परदेशातली लष्करी कारवाई यशस्वी होतेय का? लोकमताचे आकडे वाचताना या चुका टाळा

पहिली चूक माझीच सांगतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील.

जानेवारी 2024. निफाड तालुक्यातल्या एका पॅकहाऊसच्या ओट्यावर बसलो होतो. आत बायका पाचशे ग्रॅमच्या डब्यांत द्राक्षं भरत होत्या, बाहेर कंटेनर घरघरत उभा. येमेनच्या हूती बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले चालवले होते. त्यामुळे रॉटरडॅमला जाणारा माल सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून निघाला होता. दहा-पंधरा दिवस जास्त, आणि भाडं तर विचारूच नका. 12 जानेवारीला अमेरिका आणि ब्रिटननं येमेनमधल्या हूतींच्या तळांवर बॉम्ब टाकले. आयुष्यभर कॉलेजात सांख्यिकी शिकवली, निवृत्तीनंतरही खाज जात नाही. बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोल टाकला: ‘ही कारवाई यशस्वी होतेय का? हो / नाही.’

संध्याकाळपर्यंत ‘नाही’चा ढीग. शेजारच्या नानांना विचारलं, ‘नाही’ का दाबलंत? ते म्हणाले, “कंटेनर अजून वळसा घालूनच चाललाय ना? मग कसलं यश?” ‘हो’ दाबणाऱ्या मोजक्यांत आमचे सुभेदार होते. देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त होऊन त्यांनी दीड एकर बाग लावलीय. त्यांचं म्हणणं, “सर, येणारी क्षेपणास्त्रं पाडली की नाही? मग?”

दोघांनी दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली होती आणि मी ती एकाच खात्यात बेरजेला धरली होती.

‘यश’ कशाला म्हणायचं, हे न ठरवता आकडा वाचणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. नाणेनिधीच्या हिशोबानं 2024 च्या पहिल्या दोन महिन्यांत सुएझमधला व्यापार आदल्या वर्षाच्या निम्म्यावर आला होता. जहाजं सुखरूप नेणं हे यश मानलं, तर नानांचं बरोबर. पुढे मार्च 2025 मध्ये ट्रम्प यांनी हूतींवर नव्यानं जोरदार हल्ले सुरू केले आणि मे महिन्यात ओमानच्या मध्यस्थीनं थांबवले. हूती अमेरिकी जहाजांवर हल्ला करणार नाहीत, एवढंच ठरलं. वॉशिंग्टनच्या लेखी काम फत्ते. न्हावा शेवाला माल लावून बसलेल्याला त्याचं काय सुख?

इराकचंही तेच. 9 एप्रिल 2003 ला बगदाद पडलं. 1 मे रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बुश विमानवाहू जहाजावर उभे राहून बोलले, मागे ‘कामगिरी फत्ते’ अशा अर्थाचा भला मोठा फलक. सद्दामची सत्ता उलथवणं हे माप घेतलं तर फलक खोटा नव्हता. ज्या महासंहारक शस्त्रांसाठी सैन्य गेलं, ती मात्र सापडलीच नाहीत.

उपाय साधा आहे. टक्केवारीकडे बघण्याआधी विचारलेला मूळ प्रश्न शब्दशः शोधा. तो सापडत नसेल तर तो आकडा पुढे ढकलू नका.

‘बरं चाललंय’ म्हणजे ‘चालू ठेवा’ असं समजणं

ही चूक शिकलेली माणसंही करतात, टीव्हीवरचे तज्ज्ञ तर हमखास.

2007 च्या सुरुवातीला बुश यांनी इराकमध्ये जादा फौज पाठवायचं ठरवलं. प्यू रिसर्च सेंटर तेव्हा अमेरिकी लोकांना सतत विचारत होतं. लष्करी मोहीम बरी चाललीय, असं फेब्रुवारीत 30 टक्के लोक म्हणत होते. नोव्हेंबरात हा आकडा 48 वर गेला. एवढी उडी! पण सैन्य परत आणा म्हणणारे तेव्हाही निम्म्याहून जास्तच होते. मोहिमेबद्दलचं मत सुधारलं, मुक्कामाबद्दलचं तिथेच राहिलं.

आपल्याकडच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. द्राक्षावरच्या डाऊनी रोगावर फवारणी लागू पडली म्हणून बाग ठेवायचीच, असं कुठे आहे? औषध लागू पडलेल्या कितीतरी बागांवर दिंडोरीत कुऱ्हाड चाललीय, कारण हिशोब बसत नव्हता.

तिसरा प्रश्न आणखी वेगळा: जायलाच नको होतं का? व्हिएतनामबद्दल गॅलप या मतचाचण्या घेणाऱ्या अमेरिकी संस्थेनं हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला. सैन्य पाठवणं चूक होती, असं ऑगस्ट 1965 मध्ये 24 टक्के म्हणाले, मे 1971 मध्ये 61 टक्के. अफगाणिस्तानबाबत हेच प्रमाण नोव्हेंबर 2001 मध्ये 9 होतं आणि फेब्रुवारी 2014 मध्ये 49.

म्हणजे जायला हवं होतं का, जमतंय का, आणि आता राहायचं का, असे तीन प्रश्न. बातमीच्या मथळ्यात तिघांचा एकच ‘पाठिंबा’ होतो. तो वाचला की यातला नेमका कुठला, ते आधी बघा.

पहिल्या आठवड्यांच्या आकड्यावर विसंबणं

तोफा सुरू झाल्या की लोक आपल्या झेंड्यामागे उभे राहतात. हा भर ओसरतो. 1991 च्या आखाती युद्धानंतर थोरल्या बुश यांच्या कामावर गॅलपच्या चाचणीत 89 टक्के लोक खूश होते. पुढच्याच वर्षी ते निवडणूक हरले. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

कोणाला विचारलं आणि ते मोकळेपणी बोलू शकत होते का, हे न बघणं

रशियात मार्च 2022 पासून सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवल्यास 15 वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. अशा देशात अनोळखी माणूस युक्रेनमधल्या ‘विशेष लष्करी मोहिमे’ला तुमचा पाठिंबा आहे का विचारतो, तेव्हा मिळणारं ‘हो’ कितपत धरायचं? लेवादासारखी स्वतंत्र संस्था मेहनतीनं चाचण्या घेते, म्हणून तो आकडा फेकून देऊ नका. वर्षाच्या चढउतारासाठी वापरा. शंभरातले इतके खरोखर बाजूनं आहेत, असा अर्थ मात्र त्यातून काढू नका.

आपलंच उदाहरण घ्या. 1987 ते 1990 भारतीय शांतिसेना श्रीलंकेत होती, सुमारे 1,200 जवान गेले. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. तमिळनाडूतल्या माणसाचं मत एक, नाशकातल्याचं दुसरं, श्रीलंकेतल्या जाफन्यातल्याचं तिसरंच. ‘भारताचं मत’ म्हणून एकच आकडा काढला असता तर त्यात कोण किती दिसलं असतं?

आणि हो, व्हॉट्सॲपचा पोल म्हणजे सर्वेक्षण नव्हे. माझ्या ग्रुपमध्ये सगळे निर्यातवाले. नाशिक मार्केटला लोकल माल देणाऱ्याला सुएझशी काय देणंघेणं? नीट निवडलेल्या हजार माणसांच्या चाचणीतही तीनेक टक्के इकडेतिकडे होतात, तेव्हा 46 चे 48 झाले म्हणून ‘वारं फिरलं’ लिहू नये.

मार्चमध्ये मी पोल पुन्हा टाकला, तिन्ही प्रश्न वेगळे करून. पहिल्या वेळी ‘हो’ दाबणाऱ्या सुभेदारांनी ‘जमतंय का’ला पुन्हा ‘हो’ दिलं आणि ‘चालू ठेवावं का’ला ‘नाही’. मला वाटलं चुकून दाबलं असेल, म्हणून फोन केला. ते शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते, हे मला तेव्हा कळलं.

“चुकून नाही, सर,” ते म्हणाले. “जाफन्यात आम्हीही रोज जिंकतच होतो.”