अध्यक्षपदाला उभं राहायचंय? आधी एवढी जमवाजमव करा

काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी खरोखर मतदान होणं हाच दुर्मीळ योग. १९९७, २००० आणि मग थेट २०२२, मल्लिकार्जुन खरगे विरुद्ध शशी थरूर. पुढच्या खेपेला श्रेष्ठींच्या मर्जीतला नसलेला कुणी उभा राहिलाच, तर त्याच्या गोटासाठी ही यादी. मर्जीतल्या उमेदवाराची तयारी परस्पर होते.

सगळ्यात आधी मतदारयादी पदरात पाडून घ्या. मतदार म्हणजे प्रदेश काँग्रेस समित्यांचे प्रतिनिधी, देशभरात नऊ हजारांवर. २०२२ मध्ये थरूर, मनीष तिवारी यांच्यासह पाच खासदारांना यादीसाठी पक्षाच्याच निवडणूक प्राधिकरणाचे प्रमुख मधुसूदन मिस्त्री यांना पत्र लिहावं लागलं. नुसती नावं मिळाली म्हणून हुरळू नका, फोन नंबर आहेत का ते पाहा. प्रचार करायचा तो त्यांच्यावरच.

अर्जावर दहा सूचक लागतात. दहावर थांबू नका, आणि एकापेक्षा जास्त अर्ज भरा. खरगेंचे चौदा अर्ज होते, थरूरांचे पाच. झारखंडच्या के. एन. त्रिपाठींचा एकच होता. एका सूचकाची सही जुळेना, दुसऱ्याची दोनदा आलेली. छाननीतच कारभार आटोपला.

सभा, जाहीरनामा वगैरे करा हवं तर. १९९७ मध्ये शरद पवारांसारख्या मुरब्बी नेत्याला ८८२ मतं पडली आणि सीताराम केसरींना ६,२२४. भाषणांनी हे गणित फिरत नाही.

मतपत्रिकेचा नमुना मात्र आधीच मागा. २०२२ मध्ये पसंतीच्या नावापुढे ‘१’ लिहा असा आदेश होता, आणि पत्रिकेवर पहिला क्रमांक खरगेंचा! थरूरांनी हरकत घेतल्यावर मतदानाच्या तोंडावर बरोबरची खूण करायचं ठरलं. तरीही ९,३८५ पैकी ४१६ मतं बाद झाली. जन्मभर लोकांना मतदान शिकवणारी ही मंडळी.

खरी माणसं लागतात केंद्रांवर. प्रत्येक राज्यात आपला एक प्रतिनिधी हवाच, तोही स्थानिक नेत्याच्या डोळ्याला डोळा भिडवणारा. त्याने पेटीचं सील अधिकृत आहे का ते पाहायचं, आत कोण उपरे बसलेत ते टिपायचं आणि किती मतं पडली त्याचा सहीचा कागद हातात आल्याशिवाय हलायचं नाही. उत्तर प्रदेशाबद्दल थरूरांच्या गोटाची तक्रार नेमकी याच गोष्टींची होती. दिल्लीत सगळ्या राज्यांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजतात. कुठल्या राज्याने कुणाला मत दिलं ते कळू नये, हा त्यामागचा हेतू चांगलाच. पण एकदा सरमिसळ झाली की कुठल्या पेटीत काय घोळ होता ते शोधणार कसं? म्हणून हरकत लेखी, आणि पेटी उघडण्याआधी.

ते हरकतीचं पत्र अशा माणसाकडे द्या, ज्याचा एकही पत्रकार मित्र नाही. थरूरांच्या बाजूचं पत्र निकालाच्याच दिवशी फुटलं आणि ७,८९७ विरुद्ध १,०७२ अशा पराभवानंतर विजेत्याचं अभिनंदन करता करता त्यावरही खुलासा करत बसावं लागलं.