पुण्यात नवीन आहात? दहा जणांसाठी थर्टीफर्स्टची घरची कॉकटेल

नोकरीसाठी पुण्यात येऊन चार-सहा महिने झालेले असतात. ऑफिसातले तिघे-चौघे, समोरच्या फ्लॅटमधलं जोडपं, जिममध्ये ओळख झालेला एखादा, इतकाच गोतावळा असतो. त्यातले निम्मे एकमेकांना ओळखतही नाहीत. अशांना 31 डिसेंबरला घरी बोलवायचं तर यजमान बाहेर, माणसांत हवा. तो ओट्याशी लिंबं पिळत उभा राहिला की पाहुणे आपापल्या मोबाईलमध्ये जातात. म्हणून इथे फक्त अशीच पेयं घेतली आहेत ज्यांचं नव्वद टक्के काम आधी उरकतं आणि संध्याकाळी नुसतं ओतायचं राहतं. शेक करावं लागणारं एकही नाही. दहा जणांसाठी दर ग्लासामागे अर्धा मिनिट शेकर हलवायचा म्हटलं तर अख्खी संध्याकाळ त्यातच जाते.

आधी हिशोब. दहापैकी आठ जण पिणारे धरा. चार तासांत माणशी तीन ग्लास, ग्लासात साधारण 45 मिली दारू, म्हणजे सगळी मिळून 1080 मिली. 750 मिलीच्या दोन बाटल्या, एक डार्क रम आणि एक व्होडका, पुरून उरतात. त्याच्या जोडीला स्पार्कलिंग वाईनच्या दोन बाटल्या घ्या. एका बाटलीत सहा ग्लास होतात. कोपऱ्यात व्हिस्की, जिन, टकीला मांडून 'ज्याला जे हवं ते' करू नका. प्रत्येक जण वेगळं मागतो आणि तुम्ही पुन्हा ओट्याशी अडकता.

महाराष्ट्रात दारूसाठी वयाची अट 25 वर्षं आहे, बिअर आणि वाईनसाठी 21. परवानाही लागतो. एक दिवसाचा परवाना दुकानातच पाच रुपयांत फाडून मिळतो. गोव्याहून आलेला मित्र बॅगेत बाटल्या घेऊन येतो म्हणाला तर नको सांगा. वाहतुकीच्या परवान्याशिवाय राज्याची हद्द ओलांडलेली दारू पकडली जाते, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तपासणी जास्तच असते. खरेदी 28-29 तारखेलाच उरका. 31 ला संध्याकाळी वाईन शॉपसमोरची रांग रस्त्यापर्यंत येते.

बर्फ

घरची कॉकटेल बिघडतात ती बहुतेक वेळा बर्फामुळे. लोक दोन ट्रे भरतात, ते पहिल्या फेरीत संपतात. मग ग्लासात दोनच खडे पडतात, ते भराभर वितळतात आणि पेय पाणचट होतं. बर्फ कमी घातला की पेय कडक राहील असं वाटतं, पण होतं उलटं. ग्लास काठोकाठ बर्फाने भरला की पेय लगेच थंड होतं, आणि थंड पेयात बर्फ हळू वितळतो.

माणशी 700 ग्रॅम धरा, म्हणजे दहा जणांना सात किलो. घरच्या दोन ट्रेमधून एका वेळी चारशे ग्रॅमच्या आसपास बर्फ निघतो. 28 तारखेपासून सकाळ-संध्याकाळ ट्रे काढून झिपच्या पिशवीत भरत राहिलात तर दोन-अडीच किलो जमतो. उरलेला पाच किलो त्या दिवशी संध्याकाळी विकत आणा. पिशवी घट्ट बंद हवी. बर्फ फ्रीजरमधला वास ओढून घेतो, आणि सुरमई शेजारी ठेवली असेल तर रममध्ये ती कळते. विकतच्या बर्फासाठी झाकणाचा थर्मोकोलचा नवा खोका पुरतो. तो पंख्याखाली किंवा गॅसजवळ ठेवू नका.

रमच्या ग्लासासाठी मोठे खडे हवेत. स्टीलच्या आमटीच्या वाट्या पाऊण भरून फ्रीजरमध्ये ठेवा. काढताना वाटीचं बूड नळाच्या साध्या पाण्यात दहा सेकंद धरलं की घुमटासारखा गोळा सुटून हातात येतो. असा एक गोळा अर्धा तास सहज टिकतो.

बाटल्या घाईत गार करायच्या असतील तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर जाडं मीठ. वीस-पंचवीस मिनिटांत बाटली थंडगार होते. नुसत्या बर्फात ठेवली तर खड्यांच्या फटीत हवा राहते आणि दुप्पट वेळ लागतो.

गूळ-संत्र्याची रम

हे पेय आदल्या दिवशी बाटलीतच तयार होतं. शंभर ग्रॅम गूळ किसून शंभर मिली पाण्यात मंद आचेवर विरघळवा. त्यात दोन लवंगा आणि बोटाच्या पेराएवढी दालचिनी टाका, गॅस बंद करून पंधरा मिनिटं झाकून ठेवा, मग मलमलच्या कापडातून गाळा. कापडाचा कंटाळा करू नका. चहाच्या गाळणीतून गुळाची बारीक माती खाली जाते आणि ग्लासाच्या तळाशी गाळ दिसतो. पाक उकळून घट्टही करू नका, एकतारी झाला तर थंड रममध्ये तो मिसळत नाही, तळाशी बसतो. कोल्हापुरी गूळ असेल तर गडद रंगाचा घ्या. पिवळाधमक गूळ गोड लागतो, पण त्याला ती भाजकी चव नसते.

आता रमच्या 750 च्या बाटलीतून 150 मिली काढून बाजूला ठेवा. उरलेल्या 600 मिलीत 60 मिली पाक आणि 90 मिली पिण्याचं पाणी घाला. बाटली पुन्हा पूर्ण भरते. झाकण लावून चार-पाच वेळा उलटसुलट करा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. ती गोठत नाही, नुसती तेलासारखी जडशीळ होते. पाणी कशाला, असा प्रश्न पडतो. बारमध्ये हेच पेय बर्फावर ढवळतात तेव्हा बर्फ वितळून तेवढं पाणी त्यात जातंच. ते आधी घातलं नाही तर पहिला घोट घसा जाळतो. मात्र पाणी अंदाजाने वाढवू नका. जास्त झालं तर बाटलीत बर्फाचा रवा धरतो.

एका ग्लासाला 60 मिली, म्हणजे बाटलीत साडेबारा ग्लास. वाटीतला बर्फाचा गोळा ठेवायचा, वर ओतायचं, आणि शेवटी संत्र्याची साल.

नागपूरची संत्री डिसेंबरात बाजारात भरपूर असतात. हाताला घट्ट लागणारी घ्या. फोफशी, सैल सालीची असतील तर सालीतलं तेल गेलेलं असतं. फळ कोमट पाण्याने धुऊन पुसा, अंगठ्याएवढी पट्टी कापा आणि आतला पांढरा भाग सुरीने खरवडून टाका, कारण कडवटपणा तिथे असतो. सालीची नारिंगी बाजू ग्लासाकडे करून चिमटीत दुमडा. दिव्याच्या उजेडात बारीक तुषार उडताना दिसतात. ते रमच्या पृष्ठभागावर पसरतात आणि ग्लास तोंडाशी नेताना आधी संत्र्याचा वास येतो. साल काठावरून फिरवून ग्लासात टाका. हे काम पाहुण्यांना द्या. अनोळखी माणसांच्या हाताला काम लागलं की बोलणं आपोआप सुरू होतं.

पेरू आणि मिरची

हे पेय पाण्याच्या जगमध्ये करायचं. आठ ग्लासांसाठी व्होडका 360 मिली, टेट्रापॅकमधला पेरूचा रस एक लिटर, लिंबाचा रस 80 मिली, काळं मीठ अर्धा चमचा, दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून. पॅकच्या रसात साखर असतेच, वेगळी नको. कागदी लिंबातून साधारण 15 मिली रस निघतो, म्हणजे सहा लिंबं लागतील. ती त्याच दिवशी पिळा. आदल्या दिवशीच्या रसाचा ताजेपणा जातो. शेवटचा थेंब काढायला साल करकचून दाबलीत तर कडू उतरतं.

इथे चूक हमखास होते ती मिरचीत. मिरच्या वीस मिनिटांनी काढायच्या. दारूत तिखट झपाट्याने उतरतं आणि तासाभरात जग पिण्यापलीकडे जातो. एकदा तसं झालं की साखर घालून सुधारत नाही. निम्मा जग बाजूला काढून त्यात पेरूचाच रस वाढवणं एवढाच उपाय. जगात बर्फ अजिबात घालायचा नाही. जग फ्रीजमध्ये ठेवायचा, बर्फ ग्लासात. आणि प्रत्येक वेळी ओतण्याआधी ढवळायचं, कारण गर खाली बसतो आणि पहिल्या दोघांना नुसतं पाणीदार तिखट मिळतं.

काठाला लावायला दोन भाग मीठ, एक भाग ब्याडगी मिरचीची पूड. लिंबाची फोड ग्लासाच्या फक्त बाहेरच्या कडेवरून आणि निम्म्याच गोलाईवर फिरवा, मग बशीतल्या मिठात टेकवा. आतल्या बाजूला लागलेलं मीठ पेयात विरघळतं आणि शेवटचे दोन घोट खारट होतात. निम्मा काठ मोकळा ठेवला म्हणजे ज्याला तिखट झेपत नाही तो त्या बाजूने पितो.

बारा वाजताची स्ट्रॉबेरी

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि नाशिकची स्पार्कलिंग वाईन ही जोडी या मोसमात पुण्यात असल्याचं खरं सुख आहे. पाव किलो स्ट्रॉबेरीचे देठ काढून तुकडे करा, साठ ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस घालून तासभर ठेवा. चांगलं रस सुटलं की कुस्करून गाळणीतून दाबून काढा. दोनशे मिलीच्या आसपास निघतं, दहा ग्लासांना 20 मिलीप्रमाणे पुरतं. मिक्सरला लावू नका, बियांचे तुकडे होतात आणि गर फेसाळतो.

वाईन 'ब्रूट' लिहिलेली, म्हणजे कोरडी घ्या. गोड प्रकारात स्ट्रॉबेरीची साखर पडली की सरबत होतं. सुला आणि शँडन या दोघांच्या नाशिककडच्या ब्रूट पुण्यात सहज मिळतात. बाटली सकाळपासून फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये टाकून विसरलात तर फुटते.

उघडताना अंगठा बुचावर ठेवूनच तारेचा पीळ सोडा, साधारण सहा अर्धे फेरे. बाटली तिरकी धरा, बूच एका हातात पक्कं पकडा आणि दुसऱ्या हाताने बाटली फिरवा. 'फुस्स' एवढाच आवाज यायला हवा. मोठा आवाज काढण्याच्या नादात एक ग्लासभर वाईन जमिनीवर जाते, आणि उडालेलं बूच डोळ्याला लागू शकतं. ग्लासात आधी गर, मग ग्लास तिरका करून वाईन दोन टप्प्यांत ओता. एकदम ओतली तर गराच्या कणांभोवती बुडबुडे उसळून फेस बाहेर येतो. साडेअकरालाच सगळ्या ग्लासांत गर घालून ट्रे फ्रीजमध्ये ठेवला तर बाराच्या ठोक्याला ओतणं दोन मिनिटांचं काम आहे.

न पिणाऱ्यांसाठी

त्यांच्या हातात कोल्ड्रिंकची बाटली देऊन मोकळं होऊ नका. त्याच ग्लासात, तेवढ्याच निगुतीने केलेलं पेय द्या. कोकम सिरप 40 मिली, भाजलेल्या जिऱ्याची पूड चिमूटभर, काळं मीठ चिमूटभर, भरपूर बर्फ आणि वरून 150 मिली गार सोडा. सोडा शेवटी, आणि चमच्याने एकदाच खालून वर. घरात सिरपऐवजी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, असेल तर फक्त 15 मिली घ्या, त्यात 25 मिली साखरेचा पाक घाला आणि मीठ वगळा. आगळात मीठ आधीच मुरलेलं असतं, हे विसरल्याने कितीतरी कोकम सोडे ओतून द्यावे लागतात.

भांडी आणि घर

बारसेट विकत घ्यायची गरज नाही. तीस-साठचं पेग मेजर तेवढं हवंच, नाहीतर खोकल्याच्या औषधाच्या टोपणावरच्या खुणा चालतात. अंदाजाने ओतलेला पेग नेहमी मोठाच पडतो. आपल्याकडच्या 42.8 टक्के दारूचा साठचा पेग म्हणजे सुमारे वीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ग्लास एकाच घाटाचे, पावणेतीनशे-तीनशे मिलीचे, माणशी दीड या हिशोबाने. तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत साधे काचेचे स्वस्तात मिळतात.

पहिल्या ग्लासाबरोबरच पोटभरीचं काही बाहेर यायला हवं. कोथिंबीर वडी, उकडलेले शेंगदाणे, सुकं चिकन. नुसत्या खारट चकण्याने तहान वाढते आणि ग्लास लवकर रिकामे होतात. रमबरोबर बाकरवडी फार छान जाते, तिच्यातली खसखस आणि आंबटगोड सारण गुळाशी जुळतं. जेवण दहालाच वाढा.

भाड्याचं घर असेल तर वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरी दोन दिवस आधी स्वतः जाऊन सांगा, जमलं तर बोलवाच. पाहुण्यांची नावं गेटवर देऊन ठेवा. स्पीकर बाल्कनीतून आत घ्या.

गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात शंभर मिलीमागे तीस मिलीग्रॅमपर्यंतच अल्कोहोल चालतं, आणि त्या रात्री चौकाचौकांत नाकाबंदी असते. दोन पेगांनंतर 'मी ठीक आहे' म्हणणाऱ्यावर विसंबू नका. कॅब साडेबारानंतर मिळता मिळत नाही, म्हणून जाणाऱ्यांची आधीच ठरवा आणि राहणाऱ्यांसाठी गाद्या काढून ठेवा.

उरलेली रम फ्रीजरमध्ये महिनाभर सहज राहते, बाटलीवर तारीख लिहा. पेरूचा जग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच चांगला. उघडलेल्या स्पार्कलिंगच्या तोंडात चमचा अडकवून काही होत नाही, त्यासाठी पकडीचं बूच लागतं. नसेल तर उरलेली वाईन स्ट्रॉबेरीच्या गरात मिसळून कुल्फीच्या साच्यात ओता. तिच्यात दारू कमी असल्याने ती गोठते, आणि 1 तारखेला थांबलेल्या मोठ्यांसाठी दुपारचं गोड तयार असतं.