आधी मोजायला शिका : सार्वजनिक आरोग्यात येऊ पाहणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी

बंधपत्राची सेवा म्हणून मी आदिवासी भागातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालो, तेव्हा वर्षभर ओपीडी सांभाळावी आणि उरलेल्या वेळात पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करावा, एवढाच माझा बेत होता. तिसऱ्या महिन्यात नोंदवही चाळताना एकाच गावात ओळीने तीन ‘उपजत मृत्यू’, म्हणजे मृतावस्थेतच जन्मलेली बाळे, दिसले. गावच्या सुईणीला विचारले, तर ती म्हणाली, “दोघं तं रडले होते ना, साहेब.” जन्मल्यावर जे मूल रडले, त्याचा मृत्यू उपजत धरता येत नाही, तो बालमृत्यूच्या रकान्यात जायला हवा. परंतु त्या रकान्यात आकडा आला की मासिक सभेत जाब द्यावा लागतो, म्हणून तो वर्षानुवर्षे कोराच राहिला होता.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांना मी औषधांच्या आधी मोजणीविषयी सांगतो, ते याच कारणाने. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची कारकीर्द या दृष्टीने बारकाईने अभ्यासावी. दोघांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि परत येऊन १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांनी आधी गावोगावचे जन्म-मृत्यू नोंदवण्याची व्यवस्था उभी केली आणि त्या नोंदींतूनच नवजात बालकांच्या मृत्यूंचा प्रश्न पुढे आला. दवाखाना दूर आणि बाळंतपण घरीच होणार, हे वास्तव मान्य करून त्यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास अडलेल्या बाळाला श्वास देणे, इतकेच नव्हे तर जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणेही त्या शिकल्या. ३९ गावांतील हा प्रयोग १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तुलनेसाठी निवडलेल्या गावांशी ताडून पाहता, तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. तुलनेची गावे आणि आधीची मोजणी नसती, तर कमी शिकलेल्या बाईच्या हाती सुई देण्याची कल्पना वैद्यकीय वर्तुळाने हसण्यावारी नेली असती. (वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएमच्या, म्हणजे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राच्या, तासांना आम्ही मागच्या बाकावर झोपा काढल्या, याचे मला आज फार वाईट वाटते.)

शिक्षणाबाबत थोडक्यात सांगायचे, तर एमपीएचसाठी, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी, डॉक्टर असण्याची अट सर्वत्र नसते. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन केंद्र ही परिचित ठिकाणे आहेत. तरीही या पदवीआधी किमान एक वर्ष एखाद्या उपकेंद्राच्या हद्दीत काढावे, असे माझे मत आहे, कारण कोणता प्रश्न विचारायचा हे तिथेच कळते.

भाषेचा मुद्दा मात्र थोडक्यात आटोपण्यासारखा नाही. मी मराठीत विचारत असे, माणसे मान डोलावत, आणि मी त्यांना समजले असे गृहीत धरून लिहून मोकळा होत असे. एका आशाताईने मला माडिया या तिथल्या आदिवासी बोलीतले ताप, श्वास, दूध आणि रक्त यांसाठीचे शब्द शिकवले, तेव्हा कुठे बायका आपणहून बोलू लागल्या आणि माझ्या जुन्या केसपेपरांपैकी कित्येक निरुपयोगी आहेत हे माझ्या ध्यानात आले. गडचिरोलीत बंग दांपत्यानेही दवाखान्याचे रूप आदिवासींना विचारूनच ठरवले. मोठ्या इमारतीची भीती वाटू नये म्हणून झोपड्यांसारखी रचना झाली आणि दवाखान्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले गेले.

आज घरी जन्मलेल्या बाळाकडे आशाताईने ४२ दिवसांत सात वेळा आणि दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे सहा वेळा जावे, अशी राष्ट्रीय पद्धत आहे. नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरने पहिल्याच महिन्यात तिच्यासोबत यांतल्या निदान दोन भेटींना पायी जावे, वजनकाटा स्वतः उचलावा आणि तिच्या वहीत काय लिहिले जाते व काय गाळले जाते, ते तिला न रागावता विचारावे. माझ्या केंद्रात पुढच्या वर्षी बालमृत्यूंचा आकडा वाढला. त्याबद्दल सभेत मला उभे करून विचारणा झाली, तेव्हा मी सुईणीचे ते वाक्य जसेच्या तसे वाचून दाखवले.