मुलांसाठी मूकपट, सोबत पियानो

दादासाहेब फाळके यांचा १९१९चा ‘कालिया मर्दन’ निवडा. त्यात कृष्ण झाली आहे त्यांचीच लहान मुलगी मंदाकिनी, आणि मुलांना मूल पडद्यावर दिसलं की पुरे! पियानो असा तिरपा ठेवा की वादकाला मान न वळवता पडदा दिसेल. पट्ट्यांवर छोटा दिवा, त्याचा उजेड पडद्यावर नको.

खरा घोटाळा वेगाचा. मूकपट बहुधा सेकंदाला १६ ते १८ चौकटींनी (फ्रेम्सनी) चित्रित होत. २४ने दाखवले की माणसं पळत सुटतात, लय कोलमडते. म्हणून वादकाने त्याच प्रतीवर, त्याच वेगात दोनदा तालीम करावी. पात्राला चार सुरांची धून पुरे. पडद्यावर मधेमधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या एकाने मोठ्याने वाचाव्यात. तेवढा वेळ पियानो हळू. नागाच्या झुंजीआधी वादन क्षणभर थांबवा.