पाणी कुठवर आलं होतं?

"वर घे की पोरी, अजून वर. ही खालची पाचची. एकोणीसची तिथं, कॅलेंडरच्या खिळ्याजवळ."

कोल्हापुरात सुतारवाड्यातल्या एका घरात मी स्टुलावर उभी राहून भिंतीला टेप लावत होते आणि आजी खालून सूचना देत होत्या. पाचची म्हणजे २००५ च्या पुराची रेघ, एकोणीसची म्हणजे २०१९ ची. दोन्ही खिळ्यानं ओरखडलेल्या. २०२१ लाही पूर आला होता, त्याची रेघ कुठे, विचारलं तर म्हणाल्या, "त्या साली जीवच ऱ्हायला न्हवता रेघ मारायला."

प्लॅनिंगच्या मास्टर्सचा माझा प्रबंध खरा इथे सुरू झाला. त्याआधीचे चार-पाच महिने बहुतेक वाया गेले. दरवर्षी जून-जुलैत ओळखीपाळखीतून कुणीतरी विचारतंच, "ताई, शहर नियोजनात संशोधन करायचंय, कसं करू?" तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

प्रवेशाचं आधी उरकते. आर्किटेक्चर, सिव्हिल किंवा प्लॅनिंगची पदवी असेल तर रस्ता सरळ आहे. भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्रात एम.ए. केलेल्यांनाही बऱ्याच ठिकाणी घेतात, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. गेट या प्रवेशपरीक्षेचा 'आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग' हा पेपर बहुतेक सरकारी संस्थांना चालतो. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाड्याचं एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर), आयआयटी खरगपूर आणि रुडकी, नागपूरचं व्हीएनआयटी, पुण्याचं सीओईपी ही नेहमीची नावं. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाची प्रवेशप्रक्रिया वेगळी. आपत्ती हाच गाभा हवा असेल तर मुंबईच्या टिसमध्ये (टाटा समाजविज्ञान संस्थेत) त्यासाठी स्वतंत्र स्कूल आहे. कुठेही गेलात तरी अभ्यासक्रम साधारण दोन वर्षांचा आणि प्रबंध चौथ्या सत्रात.

गोची तिथेच आहे. चौथं सत्र जानेवारी ते मे. पूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे पुरावर काम करणारा विद्यार्थी फेब्रुवारीच्या उन्हात कोरड्या पंचगंगाघाटावर उभा राहून पाण्याची कल्पना करत बसतो. पूर हा विषय घ्यायचा असेल तर तिसऱ्या सत्रातच, पावसात, स्वतःच्या पैशानं का होईना, एक चक्कर मारून या. मी मारली नव्हती. तेव्हा मी संगणकासमोर बसून होते.

बसून नकाशे करत होते. एसआरटीएमचं, म्हणजे अवकाशातून रडारनं मोजलेलं, जमिनीच्या उंचीचं फुकटात मिळणारं मॉडेल घ्यायचं, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचं, पाण्याची पातळी वाढवत न्यायची, की झाला निळा नकाशा. दिसायला झकास. माझ्या मार्गदर्शक सरांनी एकच प्रश्न विचारला, "या मॉडेलच्या उंचीत चूक किती मीटरची?" काही मीटरची, मी म्हटलं. "आणि तुझ्या गल्लीत पाणी किती चढलं होतं?" दीड-दोन मीटर. पुढे ते काही बोलले नाहीत, चहा प्यायले. उपग्रहांचंही तसंच. सेंटिनेल-१ या उपग्रहाचं रडार ढगांतून पाहतं हे खरं, पण ते ठरावीक दिवसांनीच डोक्यावरून जातं, त्यामुळे पुराचा कळस नेमका निसटू शकतो. दाट वस्तीत भिंतींमुळे पाणी त्याला नीट ओळखताही येत नाही. शेतात उपयोगी, पेठेत नाही. म्हणून शेवटी टेप, डंपी लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) आणि आजी.

नकाशानं आणखी एक फसवणूक केली. मी नदीपासून अंतरं मोजून पट्टे आखले होते. सुतारवाडा दसरा चौकाजवळ, नदीपासून बराच आत. पण तिथे पाणी नदीच्या बाजूनं येतच नाही. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी तुंबतं आणि मागच्या अंगानं घरात शिरतं. शेंबड्या पोराला माहीत असलेली ही गोष्ट मला कळायला एक सत्र लागलं.

आता प्रश्नावली. 'कम्युनिटी रेझिलियन्स', म्हणजे संकट झेलून पुन्हा उभं राहण्याची वस्तीची ताकद; त्याचं मराठी मी 'सामुदायिक लवचीकता' असं केलं होतं. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लवचीक कुठली बाई, मला गुडघंबी वाकवाय येत न्हाईत." पुढे एक ते पाचचं माप: तुमची वस्ती पुराला कितपत सज्ज आहे? बहुतेकांनी चार म्हटलं. एका काकांना कारण विचारलं तर म्हणाले, पाच दिले तर तुम्हाला खोटं वाटेल.

तो गठ्ठा मी बाजूला ठेवला आणि एकच प्रश्न घेऊन फिरले: बंधाऱ्यावर किती फूट झाल्यावर तुम्ही काय उचलता?

कोल्हापुरात पावसाळ्यात घरोघरी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचा, तिथल्या पाणीपातळीचा, आकडा चालतो. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये ५६ च्या वर. पण प्रत्येक घराचा आकडा स्वतःचा. अमक्या फुटाला गाडी चढावर लावायची, तमक्याला गव्हाचं पोतं आणि शिलाई मशीन माळ्यावर, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की म्हातारी माणसं नातेवाइकांकडे. हे कुठल्याच सरकारी आराखड्यात मला सापडलं नाही. मी उभ्या अक्षावर फूट आणि आडव्या अक्षावर घरं मांडली, तोच माझा मुख्य तक्ता.

त्यातून जे दिसलं ते सुखाचं नव्हतं. २००५ नंतर लोकांनी पाचच्या रेघेवर हातभर उंच फळ्या ठोकल्या होत्या. कागदपत्रं, मुलांच्या मार्कशीट, सगळं त्यावर. एकोणीसला पाणी फळीच्याही वर गेलं. म्हणजे ज्या आठवणीनं लोकांना शहाणं केलं, तिनंच त्यांना घरात थांबवूनही ठेवलं. "पाचला हितवरच आलं हुतं" हे वाक्य माझ्या वहीत इतक्या वेळा आहे की नंतर मी नुसतं 'पा.हि.' लिहायला लागले. भाडेकरूंचं तर वेगळंच. त्यांना माळा नाही, वरचा मजला मालकाचा. त्यांची पहिली आणि शेवटची पायरी एकच: चित्रदुर्ग मठातलं निवारा केंद्र. खरं सांगायचं तर माझ्या तक्त्यात 'रेझिलियन्स' म्हणजे मुख्यतः वरचा मजला आणि चढावर राहणारा भाऊ, एवढंच निघालं.

शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणित आणखी अवघड. २०१९ ला गणेश चतुर्थी होती २ सप्टेंबरला आणि पूर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. शेडमध्ये ओल्या, अर्ध्या रंगवलेल्या मूर्ती, वर्षाची सगळी कमाई. माणसं घर सोडायला तयार होती, गणपती सोडायला नाही. अशा ठिकाणी 'स्थलांतरास प्रतिसाद कमी' असं लिहून मोकळं होऊ नका.

फील्डवर्कला जाताना एका गोष्टीची तयारी ठेवा, ती कुणी शिकवत नाही. वही-पेन घेऊन पूरग्रस्त गल्लीत उभं राहिलं की तुम्ही पंचनाम्याला आलेले असता. माझ्यामागे दुसऱ्याच दिवशी आधार कार्डाच्या झेरॉक्सची रांग लागली. एका बाईंनी बँकेचं पासबुक पुढे केलं आणि म्हणाल्या, मागच्या वेळी आमचं नाव राहिलं होतं. मी विद्यार्थिनी आहे, माझ्याकडून काही मिळणार नाही, हे मी दारोदार आधी सांगायला लागले. काहींनी दार लावून घेतलं. ते बरोबरच होतं. पासबुकवाल्या बाईंचा अर्ज मात्र मी बसून लिहून दिला. प्रबंधात तो नाही.

सरकारी कागदांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज शिकून घ्या. महाराष्ट्रात अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं. उत्तराची मुदत ३० दिवस. एका कार्यालयानं मला तिसाव्या दिवशी 'माहिती मोघम स्वरूपाची आहे' असं कळवलं. चूक माझीही होती, 'पूररेषेबाबत सर्व माहिती' असं मागितलं होतं. नकाशाचं नाव, तारीख, शीट क्रमांक घालून मागा. पूररेषेच्या नकाशावर निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. हा फरक तोंडपाठ ठेवा, कारण निळीच्या आत नवं बांधकाम निषिद्ध धरतात आणि दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी लागतात. आणि फूट-मीटरचा घोळ पहिल्याच दिवशी मिटवा: बंधारा फुटांत बोलतो, नकाशा समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. माझा एक आख्खा आठवडा त्यात गेला.

नोकरीचं विचाराल तर एमपीएससीतून नगररचना खात्यात जाता येतं, सल्लागार कंपन्या आहेत, काही स्वयंसेवी संस्था आहेत. सुरुवातीचा पगार फार नसतो. मी सध्या विकास आराखड्यांचं काम करते, दिवसाचे आठ तास जमीन वापराचे रंग भरते. १९६६ चा एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा विद्यार्थिदशेत कंटाळत वाचला होता, आता रोज उघडावा लागतो. तेव्हाच वाचा.

जुलै २०२४ मध्ये पंचगंगा पुन्हा धोका पातळीच्या वर गेली. मी आजींच्या घरी फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"चाळीसलाच उचललं समदं," त्या म्हणाल्या. "मशीन तेवढं ऱ्हायलंय. सुनंचा एक ब्लाउज व्हायचाय, तेवढा झाला की चढवतो."

"आजी, बंधाऱ्यावर आत्ता किती आहे?"

"तूच बघ की तुझ्या मोबाईलात," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.