सरळ शॉट डावीकडे का जायचा?

नांदेडला पूल (टेबलावर काठीनं बॉल ढकलायचा खेळ) खेळायला लागून वर्ष झालं, तरी माझा साधा सरळ शॉटही पॉकेटच्या, म्हणजे टेबलाच्या भोकाच्या, डाव्या कडेवर आपटायचा. खापर क्यूवर, म्हणजे खेळायच्या काठीवर फोडलं, टेबलावरही. शेवटी एका जुन्या खेळाडूनं विचारलं, "भाऊ, तुझा मुख्य डोळा कोणता? नेम कोणत्या डोळ्यानं धरतोस?"

दोन्ही तळहातांमधल्या फटीतून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. उजवा डोळा मिटला तरी घड्याळ जागेवर. डावा मिटला की गायब! म्हणजे मुख्य डोळा डावा. अन् मी क्यू धरायचो उजव्या डोळ्याखाली.

आता हनुवटी जराशी उजवीकडे सरकवून डावा डोळा क्यूवर आणतो. उभ्यानंच शॉटची रेघ बघायची, उजवा पाय तिच्यावर, मगच वाकायचं. चार दिवस मान अवघडली. वाकल्यावर नेम चुकलेला दिसला तर मनगट वळवायचं नाही, परत उभं राहायचं. हेच लई जड गेलं राव! ५७ मिलिमीटरचा बॉल, केसाएवढी चूकही लपत नाही.